चौथ्या दिवशीचा हातोडा

खंडेनवमीला आमच्यात कामासाठी हातोड्याला कुणी हात लावत नाही. वर्षभर तांबं बडवणारे आम्ही तांबट त्या एका दिवशी हातोड्यांना आंघोळ घालतो, हळदकुंकू वाहून पाटावर बसवतो आणि पुरणाचा नैवेद्य दाखवतो. त्या दिवशी ठोका मारणं म्हणजे पाहुण्याला जेवायला बसवून त्याच्या पाठीत धपाटा घालण्यासारखं आहे. म्हणून त्या सकाळी मी पुण्याहून येऊन मखमलाबादच्या आमच्या इमारतीत शिरले, तेव्हा पार्किंगमध्ये पूजेला जमलेली माणसं पूजा सोडून भिंतीकडे का बघतायत, हे मला लगेच कळलं. भिंतीतून हातोडा ऐकू येत होता.

पाच भरीव घाव, मग भांडं फिरवण्यापुरती उसंत, पुन्हा पाच घाव. हा हात कुणाचा, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. सहाव्या मजल्यावरच्या शरयूचा. म्हणजे माझ्या काकूचा.

पोटफोडेअण्णा काकूच्या बरोबर खाली, पाचव्या मजल्यावर राहतात. सत्तरी ओलांडलेले, आमच्यातले सगळ्यात जुने कारागीर. हातात उदबत्ती धरून ते उभे होते आणि तिची राख त्यांच्या नव्या झब्ब्यावर पडत होती. "हर्षदा, तुझी काकू हट्टी आहे हे आम्ही तीस वर्षं बघतोय," ते म्हणाले. "पण आज? आजच्या दिवशी?"

थांबा, मी बघते, एवढं म्हणून मी लिफ्टमध्ये शिरले. काकू एक वेळ जेवण सोडेल, पण खंडेनवमीला हातोडा उचलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि ती भिंत माझी होती.

लिफ्टला सहा मजले चढायला पाऊण मिनिट लागतं. तेवढ्यात सगळं सांगून होणार नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणारही नाही.

आमची जुनी आळी गोदावरीच्या काठाला, भांडीबाजाराच्या मागे होती. बावीस घरं आणि प्रत्येक घराच्या ओट्यावर ऐरण. सकाळी आठ ते बारा आणि तीन ते सहा नुसती ठोकाठोक. बाहेरच्या माणसाचं त्याने डोकं उठायचं, आम्हाला त्यात बातम्या ऐकू यायच्या. हातोडा जास्तच जोरात पडतोय म्हणजे घरात भांडण झालंय. चाल संथ पडली म्हणजे अंगात कणकण आहे. आणि हातोडा थांबलाच तर त्यासाठी एक रीत होती. तीन दिवस कुणाचा हातोडा गप्प राहिला तर विचारायचं नाही. माणूस लग्नाला जातो, गावाला जातो, कधी नुसता कंटाळतो. पण चौथ्या दिवशी शेजाऱ्याने जाऊन दार वाजवायचं. आत आजारपण किंवा त्याहून वाईट काही निघालं, तर शेजारी परत येऊन आपला हातोडा ऐरणीवर आडवा ठेवायचा. त्याचा थांबला की पलीकडच्याचा थांबायचा, मग त्याच्या पलीकडच्याचा. पाच मिनिटांत सगळी आळी गप्प.

याला आम्ही 'हात ठेवणं' म्हणतो. ज्याच्या घरात दुखणं असायचं त्याला अंथरुणावर पडल्या पडल्या कळायचं, की आळीने आपल्यासाठी हात ठेवलाय. त्यात दोन नियम होते. माझ्यासाठी हात ठेवा, असं कुणी सांगायचं नाही. आणि ज्या घरासाठी हात ठेवला, त्याच घरातून पहिला घाव पडल्याशिवाय बाकीच्यांनी हातोडा उचलायचा नाही.

मी पाच वर्षांची असताना माझे आईवडील एकाच अपघातात गेले. सात वर्षांची झाले तेव्हा काका गेले. काकांसाठी आळीने हात ठेवला होता; चौदाव्या दिवशी पहिला घाव घरातून पडायला हवा आणि घरात पुरुष नव्हता, म्हणून काकूने पदर खोचला आणि तो घाव स्वतः मारला. तिथवर सगळ्यांनी चालवून घेतलं. पण काकूने हातोडा खाली ठेवलाच नाही. बाईने ऐरणीवर बसलं तर आळीचं नाक कापलं जाईल असं म्हणणारे होते आणि त्यात पोटफोडेअण्णा पुढे होते. काकूने नाकं बघितली नाहीत, घंगाळं घडवली. अंगाने ती बारीक आणि भांडं जड, म्हणून पाच घावांनंतर ते फिरवायला तिला जरा दम घ्यावा लागायचा. तोच पुढे तिचा हात म्हणून ओळखला जाऊ लागला. हळूहळू आळी तिच्याशी बोलायला लागली, तिच्याकडून मठारकामाचा, म्हणजे ठोके देऊन भांड्याला झळाळी आणण्याचा, सल्लाही घ्यायला लागली. पण एकदा रथसप्तमीला दूध उतू जाताना बघत ती मला हसत म्हणाली होती, "मी कधी आजारीच पडले नाही गं. पडले तर माझ्यासाठी हात ठेवतील की नाही, कोण जाणे." हसत म्हणाली असली तरी ते मी विसरले नाही.

पुढे नदीने आमचं बस्तान उठवलं. नाशकात पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की लोक बघायला जातात आणि नारोशंकराच्या घंटेला लागलं की पळायला लागतात. एका दशकात तिसऱ्यांदा पाणी घंटेवरून गेलं, तेव्हा पूररेषेतली घरं हलवायचं ठरलं आणि बावीस घरांच्या आळीला मखमलाबादला आठ मजली इमारत मिळाली. इमारतीत ठोकाठोक कशी चालणार, असा प्रश्न होता. तोवर मी पुण्यात इमारतींच्या आवाजाचं काम करत होते. या इमारतीचं काम मी मागून घेतलं.

ध्वनी म्हणजे हवेची थरथर. ती भिंतीवर आदळली की भिंतही किंचित हलते आणि पलीकडच्या हवेला हलवते. भिंत जितकी जड तितकी कमी हलते, म्हणून दगडी भिंतीपलीकडचं ऐकू येत नाही. पण अशा भिंतीला निवड करता येत नाही. तिच्या लेखी सगळे आवाज सारखेच. आमच्या भिंतीच्या पोटात मोहरीएवढ्या लाखो पोकळ्या आहेत आणि प्रत्येक पोकळीवर एक पातळ पडदा आहे. विजेचा बारीकसा झटका दिला की तो आक्रसतो किंवा फुगतो. भिंतीत शिरणारी थरथर आधी मोजली जाते, हा कोणता आवाज हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळखलं जातं, आणि मग पडद्याला सांगितलं जातं की हिच्या उलट हल किंवा हिच्याबरोबर हल. उलट हलला तर दोन्ही थरथरी एकमेकींना खाऊन टाकतात आणि पलीकडे काही पोचत नाही. बरोबर हलला तर जणू मध्ये भिंतच नाही.

म्हणजे एकच भिंत एका आवाजाला दगड आणि दुसऱ्याला उघडी खिडकी. बोलणं, भांडणं, रडणं यांना दगड. हातोडा, देवाची घंटा, नारळ फोडल्याचा आवाज यांना खिडकी. रस्त्याच्या बाजूला मात्र सगळ्यालाच दगड, म्हणजे शेजारच्या सोसायटीची झोपमोड नको. कशाला खिडकी द्यायची हे आळीनेच सभा घेऊन ठरवलं. त्या सभेत एकट्या खलबत्त्यावर दीड तास वाद झाला. शेवटी खलबत्ता आत आला.

पहिलं वर्ष छान गेलं. घराघरात ऐरणीची खोली, सकाळी आठला बावीस हातोडे, आणि म्हातारी माणसं म्हणायची की ओट्यावर बसल्यासारखं वाटतं. मग हात कमी व्हायला लागले. कुणाचे गुडघे गेले, कुणी मुलाकडे दुबईला गेलं. तिसऱ्या मजल्यावरचे रमाकांत गेले, मागे लीलामावशी एकट्या राहिल्या. बाविसाचे चौदा झाले. एका रविवारी काकू मला फोनवर म्हणाली, "कान रिकामे पडायला लागलेत गं."

ते वाक्य माझ्या मनाला लागलं. कोण कुणाला किती ऐकतंय, यावरून प्रत्येक घराचा एक आकडा आमच्या यंत्राकडे आधीच निघत होता. त्याला आम्ही शेजारअंक म्हणायचो. अंक घसरला की माणूस घराबाहेर कमी पडतो, जेवण कमी करतो, हे आम्ही पाहिलं होतं. मग मी भिंतीला आणखी एक गोष्ट शिकवली: जो हात गप्प झालाय त्याची भर घालायला. तेच ते ध्वनिमुद्रण नाही, त्याच्या हाताची चाल शिकून रोज नव्याने वाजवायचं. सगळ्यांनी त्याला सह्या दिल्या. लीलामावशींनी तर रमाकांतचा हातोडा पहिल्यांदा भिंतीतून ऐकला तेव्हा माझ्या गालावरून हात फिरवला.

मात्र भर लगेच घालायची नाही, हे माझ्या डोक्यात होतं. कारण मी आळीतली. तीन दिवस लोक धीर धरतात आणि चौथ्या दिवसापासून त्यांना चैन पडत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. म्हणून मी यंत्राला सांगितलं, तीन दिवस थांब, चौथ्या दिवशी सकाळी आठला सुरू कर. परक्या इंजिनियरला हे कधी सुचलं नसतं. या बारकाव्याबद्दल मला एका परिषदेत शाबासकीही मिळाली.

काकूला मी हे सगळं कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं. तू तर तिला तोंडही दिलंस." सगळ्यांनी केली म्हणून तिनेही सही केली, पण त्यानंतर आमच्यात जरासं बिनसलंच. मी फोन कमी केले. तिचा शेजारअंक माझ्या मोबाइलवर दिसायचा आणि तो हिरवा असला की मला वाटायचं, आज फोन नाही केला तरी चालेल. गेले दोन रविवार तो ब्याण्णव होता, सगळ्या इमारतीत सगळ्यात जास्त. मी दोन्ही रविवारी फोन केला नव्हता.

लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली.

काकूने दार डाव्या हाताने उघडलं. उजवा हात पदराखाली होता. मला बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच तिने तो आवरता घेतला. "आलीस? चहा टाकते," म्हणाली आणि आत वळली, तेव्हा पदर सरकला आणि तो हात मला दिसला. नुसता लोंबत होता. ऐरणीच्या खोलीत अर्धं घडवलेलं घंगाळ फडक्याखाली झाकून ठेवलं होतं आणि त्या फडक्यावर धूळ होती.

मी मोबाइल काढला आणि तिच्या घराची भर बंद केली. खाली पार्किंगमध्ये हातोडा पाचातल्या तिसऱ्या घावावर थांबला असणार. काकूला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ज्याचा हात तो माणूस घरात राहत असेल, तर त्याच्या घरात भिंत तो वाजवत नाही. तो नियमही मीच घातला होता.

हात कधी गेला, असं मी विचारलं. अकरा दिवस झाले, ती म्हणाली. सकाळी हातोडा उचलायला गेली आणि बोटं मिटेनात. पडली नाही, शुद्ध हरपली नाही, म्हणून तिला वाटलं येईल आपोआप. घट डाव्या हाताने बसवले. खालून अण्णांची बायको प्रसाद घेऊन आली तेव्हा दार अर्धवट उघडून डाव्या हाताने घेतला. डॉक्टरकडे का गेली नाहीस, मला का कळवलं नाहीस, असं मी ओरडतच विचारलं. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली.

"तीन दिवस मी काही मनावर घेतलं नाही," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी मात्र केस विंचरून बसले. म्हटलं, आज दार वाजेल. आठ वाजले. अण्णांचा हातोडा सुरू झाला. मग सगळ्यांचे झाले. दार काही वाजलं नाही. पाचव्या दिवशी नाही, सहाव्या दिवशी नाही. रोज आठ वाजता मी कान लावून बसायचे, की आज कुणाचा तरी एक थांबेल. मग मीच मनाची समजूत घातली. म्हटलं, बरोबरच आहे. तीस वर्षं त्यांच्यात बसले, म्हणून काही त्यांच्यातली होत नाही."

मला रडू फुटलं. मी तिच्या पायाशी बसले आणि भिंतीने काय केलं ते सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी आठला तुझा हातोडा सुरू झाला गं, तू सोडून सगळ्यांना तो ऐकू येत होता. त्यांना कळलंच नाही. ती ऐकत राहिली. तिला ते पटलं की नाही हे मला कळेना. अकरा दिवस मनात घट्ट बसलेली गोष्ट दोन वाक्यांनी उठत नाही.

"म्हणजे कळलं असतं तर ठेवला असता, असंच ना?" तिने विचारलं. "ते तुला काय ठाऊक?"

मी गाडीची किल्ली घेतली आणि दवाखान्यात जायला तिला उठवलं.

खाली जाताना तिने बजावलं, की माझं कुणाला सांगू नकोस, सांगून ठेवलेला हात मला नको. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा सगळे तिला बोल लावायच्या तयारीत उभे होते. ती पदर हातावर ओढून कुणाकडे न बघता गाडीत जाऊन बसली. गाडीच्या काचा वर केल्या आणि मी परत फिरले. तिचा शब्द मोडायचा नव्हता, पण माझी चूक माझी होती, ती सांगायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. मी म्हटलं, "तो हात काकूचा नव्हता. आठ दिवस भिंत वाजवतेय. काकूचा हातोडा अकरा दिवस बंद आहे." याहून एक शब्द जास्त बोलले नाही.

अण्णांनी उदबत्ती कुंडीत खोचली. "चौथ्या दिवशी मी चपला घातल्या होत्या," ते म्हणाले. "दार उघडलं, जिन्याच्या दोन पायऱ्या चढलो. तेवढ्यात वरून तिचा हातोडा सुरू झाला. रोज काम करणाऱ्या बाईचा हात भिंत वाजवेल हे मनातही आलं नाही. मी देवाला हात जोडले आणि परत फिरलो."

काकूच्या मेंदूतली एक बारीक वाहिनी बुजली होती. डॉक्टरीणबाईंनी यंत्रात घालून तपासलं, आम्हाला भरपूर रागावल्या आणि सांगितलं की चौथ्या दिवशी आणलं असतं तर जास्त काही करता आलं असतं. आता गोळ्या आणि रोजचा व्यायाम. सहा महिन्यांनी हातात पेला धरता येईल, हातोड्याचं मात्र त्या सांगू शकत नव्हत्या. रात्रीपुरतं राहा म्हणाल्या, पण दसरा आपल्या घरात, असं काकूने निक्षून सांगितलं, आणि धोका टळून गेलाय म्हणून त्यांनी संध्याकाळी सोडलं.

काकूला निजवून मी तिसऱ्या मजल्यावर लीलामावशींकडे गेले. त्यांच्या रमाकांतसकट आळीला ठाऊक असलेले सगळे गप्प हात सणासाठी म्हणून सकाळीच बंद केलेले होते. उद्या आठला ते पुन्हा सुरू झाले असते. भर सगळ्यांचीच कायमची बंद करायची, असं मी ठरवलं होतं, पण ते त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. त्यांनीच ते ओळखलं. "बंद कर," त्या म्हणाल्या. "त्याचा हातोडा वाजतो म्हणून साडेदहाला मी अजून चहा टाकते गं. कप घेऊन खोलीपर्यंत जाते आणि परत येते. दीड वर्ष झालं." त्यांनी मला साखर घातलेलं दही दिलं आणि मी त्यांच्यासमोर बसून सगळ्यांचीच भर बंद केली. भिंत पुन्हा नुसती भिंत झाली: येईल ते पोचवणारी, मनाचं काही न घालणारी.

आता दसऱ्याचं सांगितलं पाहिजे. खंडेनवमीला विसावलेला हातोडा दसऱ्याच्या मुहूर्तावर उचलायचा आणि नव्या भांड्यावर पहिला घाव घालायचा, ही आमच्याकडची वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट. तो मुहूर्त चुकला तर वर्षभर कामाला यश येत नाही, असं मानतात. त्या वर्षी मुहूर्त सकाळी आठ वीसचा होता. अण्णांनी आयुष्यात कधी तो चुकवलेला नव्हता. त्यांचा मुलगा जन्मला तेव्हाही ते आधी घाव घालून मग दवाखान्यात गेले, हे त्यांची बायको अजून ऐकवते.

सकाळी काकू ऐरणीच्या खोलीत खुर्चीवर बसली. मी तिची वेणी घातली. आठ वाजले, काहीच नाही. ती म्हणाली, मुहूर्ताला सुरू होतील. सव्वाआठला खालून नारळ फोडल्याचा आवाज स्वच्छ आला, म्हणजे भिंत नीट चालत होती. आठ वीस झाले. एकही हातोडा पडला नाही. साडेआठ. पावणेनऊ. कुणीतरी खलबत्त्यात वेलदोडा कुटला, तेवढाच आवाज.

"मुहूर्त कितीचा होता?" काकूने विचारलं.

"आठ वीसचा."

"अण्णांचं घड्याळ बंद पडलं की काय?"

मी मान हलवली. ती माझ्याकडे बघत राहिली, मग भिंतीकडे. "तू सांगितलंस त्यांना?"

"हात ठेवा असं नाही सांगितलं. काकू, शपथ. भिंतीने काय केलं तेवढंच सांगितलं."

"दसऱ्याचा मुहूर्त घालवला," ती म्हणाली. "सगळ्यांनी. वेडे आहेत." आणि मग काका गेले तेव्हाही माझ्यासमोर न रडलेली माझी काकू मोठ्याने रडली. मी तिला जवळ घेतलं. त्या शांततेत तिचं रडणं खूप मोठं वाटलं, पण भिंत ते बाहेर जाऊ देत नव्हती आणि त्या एका गोष्टीबद्दल मला माझ्या भिंतीचा अभिमान वाटला.

रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि ती आमच्यातल्या सगळ्या बायका होतात तशी एकदम व्यवहारी झाली. बारा वाजेपर्यंत तरी घाव पडला पाहिजे, नाहीतर यांचा दसरा जाईल आणि वर्षभर मलाच बोलत बसतील. पहिला घाव याच घरातून पडायला हवा होता. उजवा हात उचलला जात नव्हता, एकट्या डाव्याला हातोडा झेपत नव्हता. तिने मला फडकं काढायला सांगितलं.

मी तांबटाच्या घरातली, पण हातोडा कधी धरलेला नव्हता. तू शिक, हातोड्याचं मी बघते, असं म्हणून तिने मला लहानपणी ऐरणीपासून लांब ठेवलं होतं. मी फक्त ऐकलं होतं. तिने मला मांडी घालून बसवलं, माझ्या मुठीवर आपला डावा हात ठेवला आणि म्हणाली, मनगट सैल सोड.

पहिला घाव तिरका बसला आणि घंगाळाला चांगला पोचा पडला. आवाज इतका बेसूर आला की आमच्या आळीत असा कुणी कधी काढला नसेल. खाली सगळे ऐकत असणार, या विचाराने मी ओशाळले. काकूने माझी मूठ सोडली नाही. दुसरा बरा पडला. तिसरा, चौथा. पाचव्या घावाला माझा खांदा भरून आला होता आणि खालून अजून कुणीही हातोडा उचललेला नव्हता. हा परका हात कुणाचा, अशा विचारात असतील, किंवा हा घाव शरयूच्याच घरातून पडतोय ना, याची खातरजमा करत असतील.

"पाच झाले," काकू म्हणाली. "आता फिरव."

मी दोन्ही हातांनी ते जड घंगाळ ऐरणीवर फिरवलं. मला दम लागला, मी क्षणभर थांबले, आणि त्या उसंतीत खालून अण्णांचा हातोडा पडला.